लहान मुलांच्या मणक्याचा टीबी आणि मज्जारज्जू: संशय कधी घ्यायचा, काय तपासायचं, किती वर्षं लक्ष ठेवायचं

कशेरुका

मणक्याच्या टीबीवर जे वाचायला मिळतं त्यात रुग्ण मोठा माणूसच धरलेला असतो. महिनोन्महिने पाठ दुखते, वजन घटतं, मग कधीतरी तपासणी होते. दोन-चार वर्षांच्या मुलात हा आजार असा दिसत नाही आणि पुढे असा वागतही नाही. म्हणून हा धागा फक्त मुलांपुरता ठेवू या. ज्यांना ज्या अंगाची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं.

आधी थोडी रचना. जंतू बहुतेक वेळा फुप्फुसातून किंवा छातीतल्या गाठींतून रक्तावाटे मणक्यात पोचतात. शेजारच्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडांना एकाच धमनीच्या फांद्या रक्त पुरवतात, त्यामुळे दोन मणके आणि मधली चकती अशी जोडीच सहसा सापडते. मणक्याचा पुढचा भाग पोखरतो, मागची कमान बहुधा शाबूत राहते आणि कणा पुढे वाकतो. मुलांचा मणका अजून बराचसा कूर्चेचा असतो. तो लवकर ढासळतो, पू जास्त होतो आणि कण्याच्या पुढच्या पट्टबंधाखालून (मणके बांधून ठेवणारी पट्टी) वर-खाली पसरतो. मुलांत एकदम तीन-चार मणके बाधित असणं नवल नाही.

मज्जारज्जूला इजा होते ती वेगवेगळ्या वाटांनी, आणि कोणती वाट आहे यावर पुढचं बरंच ठरतं. पू आणि मऊ गाठीसारख्या ऊतींचा दाब असेल तर औषधांनीही तो उतरू शकतो. मेलेल्या हाडाचा किंवा चकतीचा तुकडा कालव्यात, म्हणजे रज्जू असते त्या पोकळीत, घुसला असेल तर तो आपोआप जायची आशा कमी. कणा डळमळीत झाला असेल तर प्रत्येक हालचालीला रज्जू दुखावते. रक्तवाहिनी बंद पडून रज्जूचा भाग मेला असेल तर भरून येण्याची शक्यता सगळ्यात कमी. शिवाय हाडाशी संबंध नसलेला, रज्जूच्या आवरणांच्या आतला आजारही असतो, त्यावर खाली कुणीतरी स्वतंत्र लिहा.

पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि लुळे पाय यांची सांगड घातली, तेव्हा जंतू ठाऊकच नव्हता. कॉख यांनी तो १८८२ मध्ये दाखवला. आज जंतू, औषधं, एमआरआय सगळं हाताशी आहे. तरी मुलं पाय गेल्यावरच येतात, कारण आधीच्या खुणा कुणी वाचत नाही.

सावली

त्या आधीच्या खुणाच लिहिते.

तीन वर्षांचं मूल "पाठ दुखते" असं म्हणत नाही. ते उचलून घ्यायला मागतं. चालतं होतं ते पुन्हा रांगायला लागतं, किंवा उभं केलं की रडतं. बसताना दोन्ही हात मागे किंवा मांड्यांवर टेकवून धडाचा भार हातांवर घेतं. दुखणं पोटात किंवा बरगड्यांच्या कडेने सांगतं, कारण मणक्यातून निघणारी नस तिकडे जाते. मग पोटाची सोनोग्राफी होते, जंताचं औषध दिलं जातं आणि पाठीवरचा शर्ट कुणी वर करत नाही.

करून पाहण्यासारखी साधी गोष्ट म्हणजे खेळणं जमिनीवर टाकून ते उचलायला सांगणं. निरोगी मूल कमरेतून वाकतं. कणा आजारी असेल तर ते पाठ ताठ ठेवून गुडघे आणि खुब्यांतून खाली बसतं, एक हात मांडीवर टेकवतं आणि तसंच वर येतं.

झोपेत दचकून किंचाळणं ही दुसरी खूण. जागेपणी पाठीचे स्नायू आकसून दुखऱ्या भागाला धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, मणका हलतो आणि कळ येते. याला स्वप्न किंवा जंत म्हणून सोडून देऊ नये.

पाठीवरून वरून खाली बोट फिरवा. मणक्याचा मागचा एखादा काटा उंचवट्यासारखा लागला तर त्या मणक्याचा पुढचा भाग बसला आहे असं धरून तपासणी करावी. पू मांडीच्या सांध्याकडे उतरला असेल तर मूल तो पाय दुमडूनच ठेवतं, सरळ करू देत नाही. ताप, घाम, खोकला असेलच असं नाही. पण वजन दोन-तीन महिने एकाच आकड्यावर अडकलेलं असणं फार वेळा दिसतं, वाढीच्या तक्त्यावर ते लगेच कळतं.

मानेत आजार असेल तर मान एका बाजूला धरलेली, दोन्ही हातांनी डोकं सांभाळलेलं, नव्याने घोरणं, गिळायला त्रास, श्वासाला घरघर. घशामागे पू साठल्याने श्वास अडू शकतो. अशा मुलाची मान "मोकळी करून पाहू" म्हणून कुणीही फिरवू नये, मालिश तर अजिबात नाही. मान आधार देऊन स्थिर ठेवायची आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

पाऊलखुणा

सावली, चालण्यातल्या बदलाबद्दल थोडी भर. रज्जूवर छातीच्या भागात दाब येतो तेव्हा पाय आधी ताठ होतात, लुळे नंतर. मूल वारंवार अडखळतं, चप्पल पुढून झिजते, टाचा टेकत नाहीत, पायांची कात्री होते. घोट्यापाशी पाऊल झटकन वर दाबून धरलं तर ते ठेका धरल्यासारखं उडत राहतं. काही ठोक्यांहून जास्त वेळ उडत राहिलं तर तो दोष आहे. तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जाणं मोठ्या मुलात महत्त्वाचं, पण चालायला लागण्याआधीच्या बाळात ते नैसर्गिक असू शकतं. तिथे दोन्ही बाजूंतला फरक आणि स्नायूंचा ताठरपणा जास्त बोलतो.

तीव्रतेसाठी अस्थिरोगतज्ज्ञ प्रा. तुली यांच्या चार पायऱ्या वापरात आहेत. पहिलीत रुग्णाला काहीच जाणवत नाही, तपासणाऱ्याला मात्र वरच्या खुणा सापडतात. दुसरीत अशक्तपणा जाणवतो पण आधाराने चालता येतं. तिसरीत चालणं बंद, पाय ताठ, संवेदना निम्म्याहून कमी गेलेली. चौथीत संवेदना निम्म्याहून अधिक गेलेली, पाय आपोआप दुमडणारे, किंवा लघवी-शीवरचा ताबा गेलेला. मूल दुसऱ्या पायरीवर असताना सापडलं तर चित्र पुष्कळ चांगलं असतं. दर भेटीत कोणत्या तारखेला कोणती पायरी होती ते केसपेपरवर असलंच पाहिजे. "अशक्तपणा आहे" एवढ्या नोंदीवरून पुढच्या माणसाला सुधारणा की घसरण हे ठरवता येत नाही.

क्ष_किरण

साध्या एक्स-रेबद्दल एकच गैरसमज दूर करायचा आहे. हाडातला खनिजाचा साधारण ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय एक्स-रेत नीट काही दिसत नाही. म्हणजे सुरुवातीचे कित्येक आठवडे फिल्म "नॉर्मल" येणारच. लक्षणं बोलत असतील तर नॉर्मल एक्स-रेवर थांबायचं नाही.

एमआरआय पूर्ण कण्याचा मागवावा, फक्त दुखऱ्या भागाचा नव्हे. मधले मणके निरोगी आणि दूर कुठेतरी दुसरा घाव, असं सापडतं. शक्य असेल तिथे शिरेतून गॅडोलिनियम (चित्रात फरक उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) देऊन करावा, त्याने पू, मऊ ऊती आणि आवरणांचा दाह वेगळे ओळखता येतात. लहान मुलाला हलू न देता ठेवायला भूल किंवा गुंगी लागते. म्हणून आधीच ठरवा: त्याच भुलेत बायोप्सी किंवा पाठीतलं पाणी काढायचं आहे का? दोनदा भूल देणं टळतं.

पाहायचं ते असं: दोन मणक्यांच्या कडा खाल्लेल्या, चकतीची उंची कमी, पट्टबंधाखालून पसरलेला पू, पातळ गुळगुळीत भिंतीचं गळू, आणि रज्जूचा स्वतःचा रंग बदललाय का. रज्जूत टी-दोनवर (एमआरआयच्या चित्रांचा एक प्रकार) पांढुरकेपणा असला म्हणजे सगळं संपलं असं नाही, सूजही तशीच दिसते. पण रज्जू बारीक झालेली असेल किंवा आत पोकळी असेल तर सुधारणेची आशा कमी.

सीटी हाडाच्या तुकड्यांसाठी आणि बायोप्सीची सुई नेण्यासाठी उत्तम. मुलांना किरणोत्सर्गाचा विचार करून गरजेपुरताच भाग घ्यावा. मांडीकडे उतरलेला पू सोनोग्राफीतही चांगला दिसतो, पुढच्या भेटींना तीच पुरते.

निदानप्रिय

नमुना कसा पाठवला जातो यावर पुष्कळ निदानं बुडतात, म्हणून सविस्तर.

बायोप्सीचा सगळा ऐवज फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा, प्रश्नच संपतो, जंतू मरतात. नमुना भुलेच्या टेबलावरच वाटून घ्यायचा. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, ऊतींच्या तपासणीसाठी. बाकीचा निर्जंतुक डबीत थोड्या सलाइनसह, तो टीबीच्या जेनेटिक तपासणीसाठी म्हणजे एक्स्पर्ट अल्ट्रासाठी, टीबीच्या कल्चरसाठी, साध्या जंतूंच्या कल्चरसाठी आणि बुरशीसाठी. पू मिळाला तर सिरिंजने भरपूर पाठवा, कापसाच्या काडीवर पुसून पाठवलेल्या नमुन्यातून फारसं काही हाती लागत नाही. डबीवर नाव, जागा, वेळ. लगेच पोचणार नसेल तर नमुना थंड ठेवा, गोठवू नका.

मुलांच्या घावात जंतू कमी असतात. म्हणून अल्ट्रा निगेटिव्ह आल्याने टीबी नाही असं ठरत नाही. ऊतींत विशिष्ट गाठी आणि चीजसारखा मृत भाग, सोबत जुळणारा एमआरआय असेल तर उपचार सुरू करतात. उलट, अल्ट्रात अगदी कमी, "ट्रेस" असा निकाल आला तर मुलांत आणि फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यात तो पॉझिटिव्हच मानतात. त्यात रिफॅम्पिसिनबद्दलचा निकाल मात्र मिळत नाही, म्हणून कल्चर हवंच. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. उपचार त्यासाठी अडवत नाहीत.

छातीतही आजार दिसत असेल तर नळीने काढलेलं जठरातलं पाणी किंवा शी यांचीही एक्स्पर्ट तपासणी करता येते, लहान मूल थुंकी देऊ शकत नाही. त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी १० मिमी किंवा जास्त, तीव्र कुपोषण किंवा एचआयव्ही असेल तर ५ मिमी, अशी वाचतात. ती संसर्ग झाल्याचं सांगते, मणक्यात टीबी आहे हे नाही. एचआयव्हीची तपासणी सगळ्यांची.

आणि प्रत्येक खाल्लेला मणका टीबीचा नसतो. चार वर्षांखालच्या मुलांत किंगेला किंगी नावाच्या जंतूने चकतीचा दाह होतो. एकच मणका पापडासारखा चपटा आणि चकत्या शाबूत असतील तर लँगरहान्स पेशींचा आजार डोक्यात हवा. ल्युकेमिया आणि न्यूरोब्लास्टोमा हे कर्करोग, ब्रुसेला हा जंतू, हेही त्याच यादीत. बायोप्सीचा आग्रह म्हणूनच. घरात प्रतिरोधक (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या) टीबीचा रुग्ण असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना त्याचा अहवाल दाखवा.

वाटसरू७

छान माहिती. एक विचारायचं होतं. मुलांसाठी टीबीचा कोर्स आता चार महिन्यांचा झालाय असं वाचलं. मग मणक्यालाही तोच का?

मात्रा

नाही. चार महिन्यांचा कोर्स तीन महिने ते १६ वर्षांच्या मुलांच्या सौम्य टीबीसाठी आहे: मर्यादित फुप्फुसाचा, गळ्यातल्या गाठींचा वगैरे. मणका त्यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हाडांच्या आणि सांध्यांच्या टीबीला १२ महिने आहे. पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, नंतर दहा महिने पहिली दोन. सगळं रोज. रज्जूची गुंतागुंत असली की काही तज्ज्ञ आणखी लांबवतात.

दर किलो वजनाला रोज आयसोनायझिड १० मिग्रॅ, रिफॅम्पिसिन १५, पायराझिनामाइड ३५, इथॅम्ब्युटॉल २०. मुलांच्या विरघळणाऱ्या एकत्र गोळीत रिफॅम्पिसिन ७५, आयसोनायझिड ५०, पायराझिनामाइड १५० मिग्रॅ असतं. ४ ते ७ किलोला एक, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार गोळ्या. २५ किलोपासून मोठ्यांच्या गोळ्या. इथॅम्ब्युटॉल वेगळं. १० किलोच्या मुलाला दोन एकत्र गोळ्या आणि इथॅम्ब्युटॉलच्या १०० मिग्रॅच्या दोन, म्हणजे दर किलोला रिफॅम्पिसिन १५, आयसोनायझिड १०, पायराझिनामाइड ३० आणि इथॅम्ब्युटॉल २० असा हिशेब बसतो. नेमका डोस डॉक्टरच लिहितील, पण हा हिशेब घरच्यांना कळलेला बरा. कारण चूक नेमकी इथे होते: औषध लागू पडतं, मूल खायला लागतं, ११ चं १२ किलो होतं, आणि गोळ्या दोनच राहतात. वजन दर महिन्याला आणि गोळ्यांची संख्या त्याच दिवशी पुन्हा पाहायची.

गोळ्या सुमारे ५० मिली पाण्यात विरघळवायच्या आणि दहा मिनिटांच्या आत पाजायच्या. तळाशी राहिलेला गाळ थोडं पाणी घालून पुन्हा पाजा, औषध त्यातच असतं. रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं. उलट्या होत असतील तर थोडं खाऊन चालतं, औषध बुडण्यापेक्षा ते बरं. डोस घेतल्यावर अर्ध्या तासात सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्यावा का हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या, ऐनवेळी फोन लागत नाही. लघवी, अश्रू नारिंगी होतात, घाबरू नये.

भूक अचानक जाणं, सतत उलट्या, डोळे पिवळे, पोटात उजवीकडे दुखणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. यकृतावर परिणाम झाला असेल तर सगळी औषधं थांबवून, रक्त तपासून, एकेक करून परत सुरू करतात. घरच्या घरी एखादीच गोळी बंद करणं सगळ्यात घातक, त्यातून प्रतिरोध तयार होतो. कुपोषित, एचआयव्हीग्रस्त किंवा अंगावर पिणाऱ्या मुलांना पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) ५ ते १० मिग्रॅ रोज देतात.

वाटसरू७

आणि स्टिरॉइड? सूज उतरवायला सगळीकडे देतात ना?

मात्रा

टीबीच्या मेंदूज्वरात द्यायचेच: प्रेडनिसोलोन दर किलोला २ मिग्रॅ, अत्यवस्थ असेल तर ४ पर्यंत, दिवसाला कमाल ६० मिग्रॅ, चार आठवडे, मग एक-दोन आठवड्यांत उतरवत बंद. फक्त मणक्याच्या हाडाच्या टीबीत सरसकट देण्याला भक्कम पुरावा नाही, आणि जिथे हाडाचा तुकडा रुतलाय तिथे स्टिरॉइड काय करणार? रज्जूतली गाठ, आवरणांचा दाह, औषधं सुरू झाल्यावर उसळलेली सूज यांत तज्ज्ञ देतात. रिफॅम्पिसिन स्टिरॉइड मोडणारे यकृतातले एन्झाइम वाढवतं, त्यामुळे रक्तातली मात्रा घटते हेही लक्षात ठेवावं.

क्ष_किरण

त्या उसळलेल्या सुजेबद्दल. औषधं नियमित चालू असताना काही आठवड्यांनी गळू मोठं दिसतं किंवा नवी गाठ उमटते. बरेचदा ती शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. मूल एकंदरीत सुधारत असेल, वजन वाढत असेल तर औषध बदलायची घाई नको. एमआरआय आजारापेक्षा मागे चालतो. पण तीनेक महिन्यांत ताप, दुखणं, वजन यांत काहीच फरक नसेल, किंवा पाय घसरत असतील, तर पुन्हा नमुना घेऊन प्रतिरोध तपासायलाच हवा.

चांदणवेल

आवरणांच्या आतल्या आजारावर लिहिते, कारण तो सगळ्यात जास्त हुकतो.

टीबीच्या मेंदूज्वरावर उपचार चालू असलेलं मूल. ताप उतरलाय, शुद्ध सुधारलीय. आणि पाय ढिले पडतात, गुडघ्यावर टकटक केल्यावर पायाची येणारी उडी जाते, लघवी तुंबते. सगळ्यांना वाटतं अंथरुणाला खिळल्याने अशक्तपणा आलाय. प्रत्यक्षात कण्यातल्या आवरणांत घट्ट चिकट स्राव साठून नसा एकमेकींना चिकटतात, त्यालाच अरॅक्नॉइडायटिस म्हणतात. एमआरआयत नसा गुच्छासारख्या आणि पाण्याचे कप्पे झालेले दिसतात. पाठीतून पाणी काढायला जावं तर येतच नाही, किंवा पिवळं, प्रथिनं भरमसाट वाढलेलं येतं. कण्यात अडथळा असण्याचा संशय असेल तर सुई घालण्याआधी एमआरआय, कारण दाब एकदम बदलला तर रज्जू आणखी दुखावू शकते.

म्हणून मेंदूज्वराच्या प्रत्येक मुलाचे पाय आणि लघवी रोज तपासा. लंगोट कोरडा राहिला तर "पाणी कमी प्यायलं" म्हणण्याआधी ओटीपोटावर हात ठेवा. फुगलेलं मूत्राशय हाताला लागतं. लंगोट सतत थेंबथेंब ओला असणंही तुंबल्याचंच लक्षण असू शकतं, भरून वाहणारी लघवी ती.

मूत्राशय रिकामं होत नसेल तर दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ कॅथेटर घालून रिकामं करतात, घरच्यांना हे शिकता येतं. मुलाचं मूत्राशय किती धरतं याचा ठोकताळा: वयाच्या वर्षांत दोन मिळवून ३० ने गुणा, उत्तर मिलीत. चार वर्षांच्या मुलाला १८० मिली. दर वेळी त्याहून जास्त निघत असेल तर वेळा वाढवा. तुंबलेलं मूत्राशय मूत्रपिंडांवर उलटा दाब टाकतं, पाय सुधारेपर्यंत मूत्रपिंडं गमवायची नाहीत.

संवेदना नसलेल्या कातडीसाठी दर दोन तासांनी कूस बदलणं. कणा अस्थिर असेल तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून दोघांनी मिळून ओंडका वळवावा तसं. टाचा, माकडहाड आणि कुबडाचं टोक रोज उजेडात पाहायचे.

पाऊलखुणा

ताठर पायांना घोट्याशी ९० अंशांत धरणारी पट्टी रात्री हवी. टाच वर आखडली की पायात ताकद परत येऊनही मूल पाऊल टेकू शकत नाही. खुबे आणि गुडघे दिवसातून दोनदा हळू सरळ करायचे. झटका दिला की ताठरपणा वाढतो. शल्यविशारदांनी कणा स्थिर आहे असं सांगेपर्यंत धड पिळणारा कोणताही व्यायाम नाही.

पट्टा म्हणजे ब्रेस. त्याने दुखणं कमी होतं, मूल लवकर उभं राहतं. ढासळलेल्या मणक्याचं वाकणं तो एकटा थांबवत नाही, ही अपेक्षा आधीच स्पष्ट करावी. काढताना-घालताना मूल आडवं. काढल्यावर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा तिथे रुततोय, दुरुस्त करून घ्या. मूल वाढतं, दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा पाहायचं.

टाका

शस्त्रक्रियेवर.

दाब मऊ असेल आणि अशक्तपणा सौम्य असेल तर औषधं, विश्रांती आणि रोजची तपासणी यांवर मुलं चांगली सुधारतात. तीन-चार आठवड्यांत सुधारणा नाही, औषधं चालू असताना पाय घसरताहेत, लघवी गेली, मानेचा वरचा सांधा सरकला, श्वास अडतोय, कणा अस्थिर आहे, किंवा बायोप्सीशिवाय निदान होत नाही, अशा वेळी थांबायचं नाही. झपाट्याने लुळेपणा येत असेल तर हा निर्णय तासांत घ्यायचा असतो.

मुलांत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पुढे येणारं कुबड. कण्याचे शल्यविशारद एस. राजशेखरन यांनी २००१ मध्ये एक्स-रेवरच्या चार खुणा मांडल्या, एमआरआयशिवायही त्या पाहता येतात. एक, मागचे फॅसेट सांधे (मणके मागून जोडणारे छोटे सांधे) एकमेकांपासून निखळलेले. दोन, आजारी मणका वर-खालच्या निरोगी मणक्यांच्या मागच्या कडांच्या रेषेमागे ढकललेला. तीन, समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये खालच्या निरोगी मणक्याच्या पेडिकलमधून (मणक्याचा पुढचा भाग आणि मागची कमान जोडणारा दांडा) काढलेली उभी रेघ वरच्या निरोगी मणक्याच्या पेडिकलला स्पर्श करत नाही. चार, खालच्या निरोगी मणक्याच्या पुढच्या कडेची रेघ वर वाढवली तर ती वरच्या निरोगी मणक्याच्या पुढच्या कडेला तिच्या मध्याच्या वर छेदते, म्हणजे वरचा कणा पुढे कलंडलाय. यांतल्या दोन किंवा जास्त दिसल्या तर कण्याच्या शल्यविशारदाचं मत लगेच घ्या, मूल धावत असलं तरी.

जुना पण उपयोगी ठोकताळा: प्रत्येक बाधित मणक्याचा किती दशांश भाग गेला ते मिळवा, त्याला ३०.५ ने गुणा, ५.५ मिळवा. एकाचे सहा दशांश आणि दुसऱ्याचे चार, म्हणजे एक पूर्ण मणका गेला, तर अंदाजे ३६ अंश वाक. दीड मणका गेला तर ५१ च्या वर. मुलांत वाढ बाकी असल्याने हा आकडा शेवटचा धरू नये.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. लहान मुलात फक्त पुढून साफ करून हाडाचा तुकडा बसवला आणि मागे काहीच केलं नाही, तर मागची कमान वाढतच राहते, पुढचा भाग वाढत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर कुबड वाढतं. शिवाय बसवलेला तुकडा मोडतो किंवा सरकतो. म्हणून मागूनही जोड द्यावी लागते. किती पातळ्या जोडायच्या हे उरलेल्या वाढीशी तोलून ठरवतात, जास्त जोडलं तर छाती आणि उंची खुंटते.

कशेरुका

टाका, हा मुद्दा आलाच आहे तर पूर्ण करतो, कारण माझ्या मते पालकांपर्यंत हाच पोचत नाही. बारा महिन्यांनी जंतू मेले, ईएसआर (रक्तातून दाह कळणारी तपासणी) उतरला, "टीबी बरा झाला" असा कागद मिळाला. पण जखम झालेल्या मणक्याची वाढीची कड गेलेली असते. राजशेखरन यांनी ६१ मुलांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यात ३९ टक्क्यांचं कुबड आजार बरा झाल्यावरही वाढ संपेपर्यंत वाढत गेलं, ४४ टक्क्यांचं आपोआप सुधारलं आणि १७ टक्क्यांत फारसा बदल झाला नाही. सुधारणारे इतके आहेत म्हणून प्रत्येकाला शस्त्रक्रिया नको. बिघडणारेही इतके आहेत की लक्ष सोडता येत नाही.

धोका जास्त कुणाला? दहा वर्षांखालचं मूल, तीन किंवा जास्त मणके, सुरुवातीलाच ३० अंशांहून जास्त वाक, छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचा घाव. आणि फार वाकलेल्या कण्यावर रज्जू वर्षानुवर्षं ताणली जाते. अशा मुलाचे पाय आजार संपल्यावर दहा-वीस वर्षांनीही जाऊ शकतात. तेव्हाची शस्त्रक्रिया सुरुवातीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जोखमीची, आणि सुधारणाही कमी.

सावली

पालकांसाठी मग व्यवहारात असं. कोर्स संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि एक्स-रे, त्यानंतर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा. एक्स-रे बाजूने आणि शक्यतो उभं राहून, प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने. आडवं घेतलेल्या फिल्मची उभ्या फिल्मशी तुलना करून अंश मोजले तर फसगत होते. मूळ फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, नुसता अहवाल पुरत नाही, कारण कोन नव्याने मोजावे लागतात. घरी दर महिन्याला वजन, उंची, आणि खेळणं उचलायला लावून पाठ पाहणं. पुन्हा अडखळायला लागलं, लघवीची पद्धत बदलली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

मणक्याचा टीबी झालेलं लहान मूल सहसा इतरांना संसर्ग देत नाही, त्याला शाळेपासून तोडू नये. त्याला संसर्ग देणारं मोठं माणूस बहुधा घरातच असतं, सगळ्यांची छातीची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालच्या भावंडांना आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यावं. बीसीजीची लस लहान मुलांत मेंदूज्वर आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते, पण लस दिली आहे म्हणून मणक्याचा टीबी नाकारता येत नाही.

वाटसरू७

शेवटचा प्रश्न. मूल आता व्यवस्थित चालतं, खेळतं. वयात येताना काही वेगळं पाहायचं का?

टाका

हो. उंची झपाट्याने वाढते तेव्हाच कुबड वेगाने वाढण्याचा धोका असतो. मुलींत साधारण १० ते १३, मुलांत १२ ते १५ या वयात. आधीची पाच-सहा वर्षं वाक स्थिर राहिलेला असतो म्हणून नेमक्या याच वयात भेटी सुटतात. या काळात वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी फिल्म घ्या, आणि दोन फिल्ममध्ये पाच अंशांहून जास्त फरक आला तर मोजण्यातली चूक आहे का ते पुन्हा मोजून पाहून, फरक खरा निघाला तर लगेच कण्याच्या शल्यविशारदाला दाखवा.